लोहगावची म्हैस ॲरिझोनात

चँडलर, ॲरिझोना
२८ मे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी "जे काही सांगायचं असेल ते लेखी कळव" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, त्याला अनुसरून हे पत्र. मिलिटरी अकाउंट्समधून तुम्ही कधीच रिटायर झालात, पण मिलिटरी अकाउंट्स काही तुमच्यातून रिटायर होत नाही. असो. पत्राचे फोटो आईच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय, तिने मोठ्याने वाचावेत. मूळ प्रत पोस्टाने येईल, ती फाइलला लावा.

विषय: पार्किंगमधली तुमची स्कूटर आणि तिच्यावरून आलेली सोसायटीची नोटीस. पण त्याकडे मी शेवटी वळणार आहे. आधी मजकूर वाचा. मधली पानं गाळून खालची सही बघायची सवय मला माहीत आहे.

सुट्टी जोडून आली म्हणून आम्ही टूसॉनला जाऊन आलो. तिथे लष्करी विमानांचं मोठं म्युझियम आहे. आमच्याकडून गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर, आणि मध्ये काहीही नाही. आपल्याकडे सोलापूर रस्त्यालाही "काही नाही" म्हणतात, पण तिथे निदान उसाच्या रसाची घुंगरं तरी वाजतात. इथे फक्त सॅग्वारो नावाचं निवडुंग. पुरुषभर काय, दोन-तीन पुरुष उंच, हात वर करून उभं. सासूबाई म्हणाल्या, "कुणी पकडलंय गं यांना?"

सासूबाईंची तयारी सांगायलाच हवी. वाळवंटात जायचं म्हटल्यावर त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मास भरून पन्हं घेतलं, आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला. पारा चाळिसाच्या घरात होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. तुमच्या जावयाने, संदीपने, मात्र जीपीएसशी वाद घातला, "मला माहितेय रस्ता" म्हणाला, आणि त्यामुळे आम्ही म्युझियमच्या आधी स्मशानात पोचलो.

खरंच, इथले लोक त्याला बोनयार्ड, म्हणजे हाडांचं आवार म्हणतात. कोल्ब रोडच्या कडेने कुंपण, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर विमानं. रांगेत, नाकाला नाक लावून, अगदी वारीतल्या दिंड्यांसारखी. डेव्हिस-मॉन्थन हवाई तळाचा हा भाग २६०० एकरांचा आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये नकोशी झालेली बी-२९ आणि डकोटा विमानं इथे आणून उभी करायला सुरुवात झाली, ती अजून चालूच आहे. पूर्वी म्युझियममधून बसने आत फिरवून आणायचे, ते आता बंद झालंय. आम्ही कुंपणातूनच बघितलं.

बाबा, हे जगातलं सगळ्यात मोठं डेडस्टॉक रजिस्टर आहे. तुम्ही इथे असता तर आम्ही म्युझियम बघून आलो असतो आणि तुम्ही अजून कुंपणापाशी मोजत असता.

इथेच का ठेवतात? तर पाऊस वर्षभरात अकरा-बारा इंच, त्यामुळे गंज चढत नाही. आणि जमीन चुनखडीने अशी घट्ट बांधलेली की एवढं धूड उभं करायला खाली काँक्रीट ओतावं लागत नाही. विमान आलं की आधी धुतात. बंदुका काढतात, वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारे बार काढतात. इंधन उपसून त्या नळ्यांतून पातळ तेल फिरवतात. मग काचांवर, फटींवर, इंजिनांच्या तोंडांवर रबरासारखा पांढरा लेप चढवतात, म्हणजे धूळ जात नाही आणि आत भट्टी होत नाही. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं." तंतोतंत.

कारण हे सगळं भंगार नाहीच. त्याच जातीची विमानं जगात कुठे उडत असतील तर त्यांना लागणारे भाग इथून खोलून नेतात. आणि कधी अख्खं विमानच परत बोलावतात. घोस्ट रायडर नावाचं एक बी-५२ सात वर्षं इथे उन्हात पडलं होतं. २०१५ मध्ये झाडूनपुसून पुन्हा उडवलं आणि नोकरीवर रुजू करून घेतलं. सात वर्षं! तुमची स्कूटर किती वर्षं उभी आहे ते मी लिहीत नाही.

अर्थात सगळ्यांचं नशीब तसं नाही. शीतयुद्ध आटोपताना सोव्हिएत रशियाशी शस्त्रकपातीचा करार झाला, त्यात ३६५ बी-५२ मोडायची ठरली. क्रेनला सहा टनांचं पोलादी पातं टांगायचं आणि वरून सोडायचं. सुरी आणि भोपळा. पण मला आवडला तो पुढचा भाग. कापलेले तुकडे ९० दिवस तसेच उघड्यावर ठेवायचे, म्हणजे रशियाच्या उपग्रहांनी वरून जाता-येता बघून खात्री करून घ्यायची. राइट ऑफ करताना दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात म्हणून तुमच्यावर हसणारी मीच ना? यांनी साक्षीदार अंतराळातून आणला.

तर मग म्युझियम. पीमा एअर अँड स्पेस म्युझियम, १९७६ पासून आहे. ऐंशी एकर आणि चारशेच्या वर विमानं, बरीचशी उघड्यावर. सगळ्यांचं वर्णन करत बसले तर पोस्टेज वाढेल. तुमच्या नातवाला, ईशानला, सुपर गपी आवडलं. चंद्रमोहिमेच्या रॉकेटचे भाग वाहून न्यायला केलेलं ते विमान गालगुंड झाल्यासारखं दिसतं. बी-३६ ला पंख्यांची सहा इंजिनं, आणि वर जेटची चार. म्हणजे लग्नात बँडही आणि डीजेही.

सासूबाईंचा जीव मात्र ब्लॅकबर्डवर जडला. काळंभोर, चपटं, आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारं हेर-विमान. त्याची गंमत अशी की जमिनीवर ते गळायचं. वेगाने अंग इतकं तापायचं की धातू फुगणार, म्हणून सांधे मुळातच सैल ठेवलेले; वर जाऊन तापलं की ते घट्ट बसत. तोवर धावपट्टीवर इंधनाचा ठिबक. संदीप हे अभियंत्याच्या थाटात समजावून सांगत होता, तर सासूबाईंनी मध्येच तोडलं, "कळलं रे. कुकरसारखं. आधी फुसफुसतो, मग वाफ धरली की बसते रिंग." त्यातलं टायटॅनियम मध्यस्थ कंपन्या उभ्या करून चोरून-लपून रशियाकडूनच घेतलं होतं, आणि मग त्यातूनच रशियावर नजर. शेजारणीकडून साखर आणून तिच्याच घरच्या गप्पा ऐकायच्या, दुसरं काय!

पुढे ७८७ उभं होतं, त्या जातीचं बनलेलं दुसरंच, चाचणीसाठी वापरलेलं. सासूबाई थबकल्या. "अगं, असल्याच विमानातनं मी आले मार्चमध्ये. आणि हे म्युझियममध्ये?" त्यांची परतीची तिकिटं सप्टेंबरची आहेत. तेव्हापासून त्या रोज विमानाचं वय विचारतात.

एका जागी त्या गप्प झाल्या तेवढं सांगते. व्हिएतनामवर गेलेल्या जातीतलं बी-५२ होतं. ईशानने विचारलं, एवढ्या मोठ्या पोटात काय असायचं? संदीपने सांगितलं. सासूबाईंनी पन्ह्याचा पेला तसाच थर्मासवर पालथा घातला आणि म्हणाल्या, चला सावलीत.

सावली म्हणजे हँगर. आणि बाबा, आता नीट बसा. आई, तू वाचताना घाई करू नकोस.

आत टोपी घातलेले एक आजोबा माहिती सांगत होते. असे बरेच आहेत, हौसेने येऊन काम करणारे. त्यांची नजर पहिल्यांदा ईशानच्या खिशातल्या कांद्यावर गेली. ईशानने गंभीरपणे सांगितलं, "इट इज अवर एसी." मग त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? संदीप नेहमीप्रमाणे "पुणे, मुंबईजवळ" म्हणाला. (हे तुम्ही ऐकलं नाही असं समजा.) आजोबा हसले आणि मागच्या विमानाकडे अंगठा दाखवून म्हणाले, मग हेही तुमच्याकडचंच.

मी वळून बघते तर चार इंजिनं, शेपटीला दोन कान, आणि पोट असं की जमिनीला टेकेल की काय. बी-२४ लिबरेटर. बाबा, तुमची म्हैस!

लहानपणी विश्रांतवाडीच्या घरावरून ही गेली की मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या आणि आजी "आली म्हैस" म्हणायची, ते तुम्ही शंभर वेळा सांगितलंय आणि मी नव्याण्णव वेळा ऐकलं नाही. लोहगावला हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे ही विमानं होती, समुद्रावर गस्त घालायला. समुद्रावर लक्ष ठेवायचं, पण राहायचं पुण्यात. योग्यच होतं ते. इथली म्हैस १९४४ मध्ये इंग्रजांच्या हवाई दलाकडे गेली, मग आपल्याकडे नांदली, आणि १९६९ मध्ये टूसॉनला आली. आजीच्या वाट्या वाजवणारी हीच, की हिची बहीण, हा वाद तुम्ही कट्ट्यावर घाला.

पण मधली गोष्ट तुम्ही कधी सांगितली नव्हती. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी ही विमानं कानपूरला टाकून दिली, तीही पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. म्हणजे आपलंही एक हाडांचं आवार होतं! १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं तिथे गेली, आणि याचं चाक त्याला, त्याची नळी ह्याला असं करत चाळीसेक विमानं उभी केली. जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ती तशीच कानपूरहून बंगलोरला उडवत न्यायचे. नीट दुरुस्ती तिथे. मग ती वीस वर्षं चालली, १९६८ पर्यंत. जगाने ज्याचं भंगार केलं, त्यावर आपण वीस वर्षांचा संसार केला.

इथे आल्यावर मात्र म्हैस पक्की अमेरिकन झालीय. अंगावर अमेरिकी चिन्हं, आणि नाव काय, तर 'बंगी बकरू'. इंग्लंडातल्या बंगी गावाजवळ अमेरिकी बॉम्बर विमानांची तुकडी होती, तिचं हे टोपणनाव. नाव बदलल्याबद्दल मी तिला काही बोलले नाही. आमच्या कॉलनीत सुहासचा सॅम झालाय. पण सासूबाईंना म्हशीला बकरू म्हणणं पटेना. त्यावर संदीपने सांगितलं की बकरू म्हणजे गुराखी. तेव्हापासून त्या ज्या हसायला लागल्या आहेत! "म्हशीचं नाव गुराखी" एवढंच म्हणतात आणि पुन्हा हसतात.

परतताना गाडीत ईशानने विचारलं, "आजोबांची स्कूटर पण बोनयार्डमध्ये आहे का?" मी म्हटलं, हो, पार्किंगमध्ये, बिल्डिंग बी. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला उगाच आळंदीच्या रस्त्यावर पुढच्या फळीवर उभी राहून खाल्लेलं वारं आठवलं, आणि "बाजूला हो, मला दिसत नाहीये" ही तुमची ओरड.

तर आता विषयाकडे. सोसायटीच्या नोटिशीला मी उत्तर लिहून देते, ते तुम्ही तुमच्या अक्षरात उतरवा: "सदर वाहन भंगार नसून साठवणुकीत आहे." स्कूटरमधलं जुनं पेट्रोल काढून टाका, तेल फिरवा, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं कोंबा. वर निळी ताडपत्री नको, पांढरी चादर घाला. आई, तुझी ती मुंजीत आलेली दे. गेली आठ वर्षं कपाटात पडून आहे, तीही साठवणुकीतच.

मोठ्यांस नमस्कार.

आपली लाडकी,
लेक

ता. क. : रविवारी सकाळी दहाला भंगारवाला येईल. घाबरू नका, मीच इथून ऑनलाइन बोलावला होता आणि आता त्याचं ते ॲप बुकिंग रद्द करू देत नाहीये. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. मी हौसेने पाठवलेली व्यायामाची सायकल देऊन टाका. मात्र आईला आधी तिच्यावरचे टॉवेल काढून घ्यायला सांगा.