व्यसन कसं लावून घ्यावं : बोरीहून परभणीला शिकायला निघालेल्यांसाठी

प्रवेश झाला, खोली मिळाली, मेस ठरली. आता अभ्यासक्रमात नसलेला विषय घेऊ. जिंतूर रोडच्या एसटीतून उतरलेल्या नवशिक्याला तो शिकवायला मास्तर लागत नाही, टपरी पुरते.

सुरुवात सिगारेटनं करू नये. सिनेमातला हिरो फुंकतो, पण आपल्या राज्याची परंपरा चघळण्याची. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. शिवाय धुराचा वास घरी लागतो. गुटखा २०१२पासून बंद, म्हणून पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या मिळतात. मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. पहिलं प्रॅक्टिकल तेच समजा.

टपरी शोधावी लागत नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा २००३चा कायदा आहे. पण यार्ड मोजतो कोण? सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२०पासून मनाई आहे. तरी अख्खं पाकीट मागणारा विद्यार्थीच टपरीवाल्याला संशयास्पद वाटतो.

दारू कागदोपत्री जड. बिअरला २१ वर्षं पूर्ण हवीत, कडक दारूला २५, वर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना. कायद्यानं चालाल तर पदवी आधी, क्वार्टर नंतर. म्हणून ‘बसायचं’ ते कुणाच्या तरी खोलीवर, वाढदिवसाच्या निमित्तानं. वर्गणी घरून ‘झेरॉक्स’ या नावाखाली मागवावी. सोयाबीनचा भाव पडला त्याच साली पोराला एवढ्या झेरॉक्स का लागतात, हे बापाच्या मनात येतं. तो विचारत नाही, पैसे पाठवतो.

परीक्षा मात्र तोंडीच. मेसची आमटी अचानक झोंबायला लागली, तर आचाऱ्याला दोष देऊ नका. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातात, मग तोंड उघडेनासं होतं. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी आत घालून बघा. दोनच गेली, तर तुम्ही वर्गात पहिले.

हा कोर्स मधेच सोडता येतो. पुडीवरच्या चित्राखाली १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो. तंबाखू सोडायला तिथं मदत मिळते. पण बोटं दोनच गेली असतील, तर आधी दंतवैद्याकडे जा. आलेला ताठपणा सहसा पुरता जात नाही, वाढायचा तेवढा थांबवता येतो.