मनाची तयारी

क्रूझचं बुकिंग झाल्याची कुणकुण लागली की आमच्या सोसायटीतले नाना लिफ्टमध्ये गाठतात. अभिनंदन वगैरे नाही. पहिलं वाक्य ठरलेलं: "मनाची तयारी ठेवा हं!"

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, सप्टेंबर 2021 मध्ये, मुंबईहून क्रूझ सुटू लागल्या आणि नाना तज्ज्ञ झाले. तेव्हा म्हणायचे, "इनसाइड केबिन? मनाची तयारी ठेवा, उजाडलं का ते घड्याळाला विचारावं लागतं. बाल्कनी? समुद्र दिसतो, पण दोन्ही दिवस तोच दिसतो. बुफे? डावाला हात लावायचा नाही. मास्कवाला मोजून दोन भजी वाढतो." आणि गोवा? जानेवारी 2022 मध्ये एका जहाजावर 66 जण बाधित निघाले, बहुतेक प्रवाशांना मुरगावला उतरता आलं नाही, जहाज मुंबईला परत. त्या दिवशी नाना जिन्यात भेटले तेव्हा चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखं तेज होतं!

अशा माणसाबरोबर आम्ही गेलो. बॅलार्ड पिअरला नानांच्या हातात प्लास्टिकची फाइल. आरटी-पीसीआर, आधार, आणि लसीचं प्रमाणपत्र चक्क लॅमिनेट केलेलं. सगळी तयारी होती, फक्त मेतकुटाची नव्हती. मुंबईच्याच एका क्रूझवर अमली पदार्थांसाठी पडलेल्या छाप्याला फार दिवस झाले नव्हते, आणि नानांच्या बॅगेतून बिनलेबलची पिवळी पूड निघाली. "भातावर घेतात हो!" नाना घामाघूम. शेवटी त्यांनी भर रांगेत चिमूटभर तोंडात टाकून दाखवली. ठसका लागला, त्यामुळे संशय वाढला. मागून मी म्हणालो, "नाना, मनाची तयारी ठेवा."

जहाजावर त्यांनी गोव्यातल्या साष्टीहून आलेल्या आमच्या वेटरलाही सोडलं नाही. "पुन्हा लाट येईल, मनाची तयारी ठेव बाबा." तो पाणी ओतता ओतता सांगू लागला. मार्च 2020 मध्ये जहाजं थांबली, प्रवासी घरी गेले, कर्मचारी मात्र जहाजावरच राहिले. मरेला डिस्कव्हरी या जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना 23 एप्रिलला मुंबईत उतरता आलं. हा दुसऱ्या जहाजावर होता, याचा नंबर जूनमध्ये लागला. रिकाम्या केबिनमध्ये एकेकट्याला ठेवलेलं, जेवण दाराबाहेर. "आईला रोज सांगायचो, उद्या येतो."

नाना गप्प. त्यांच्याकडे यावर सूचना नव्हती.

शेवटच्या रात्री अभिप्रायाचा फॉर्म आला. आम्ही तो केबिनमध्येच टाकून निघणार होतो. नानांनी चष्मा लावून, त्या वेटर पोराचं नाव दोनदा विचारून, सुवाच्य अक्षरात भरला. सेवा कशी होती? 'अपेक्षेपेक्षा कमी', 'अपेक्षेप्रमाणे', 'अपेक्षेपेक्षा सरस'. आयुष्यात कसलीच अपेक्षा न ठेवणाऱ्या या गृहस्थाने तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली रेघही ओढली. वर टिपही दिली. किती, ते आम्हाला दिसू दिलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर बाल्कनीचे जास्तीचे पैसे खुशाल द्या, मेतकूट घरी ठेवा, आणि तो फॉर्म वेटरच्या नावानिशी भरा.