बिनसाखरेचा चहा

ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या, १९१४ सालापासूनच्या मेरवान या इराणी कॅफेत मावा केक सकाळीच संपतात, म्हणून आमची मधुमेही मंडळी उजाडताच फिरायला निघतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना! टेबलाशी बसल्यावर पहिलं फर्मान खणखणीत सुटतं, "चहा बिनसाखरेचा!" दुसरं जरा हळू, "आणि दोन मावा." मावा म्हणजे आटवलेलं दूधच, वेलची पाचक, अंड्यात प्रथिनं, मैदा-साखरेचा विषय कोणी काढत नाही, बहुधा सभ्यतेपोटी. मग कागद सोलायचा आणि त्याला चिकटलेला तपकिरी थर पुढच्या दातांनी खरवडायचा (खरा ऐवज तोच). निघताना अर्धा डझन बांधून घेतले जातात. नातवंडांसाठी. नातवंडं मेलबर्नला असतात.