समुद्र वर, सागवान खाली

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत येऊन वॉचमनला ‘टँकवाले काका’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मोबाइलवरची मान वर न करता तो मजला सांगतो. काकांचं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. त्यांच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे, टाकीत समुद्र आहे आणि समुद्रात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले मासे आहेत. पाहुणा आला की आधी मासेच बघतो आणि तिथेच फसतो. “काय सुरेख मासे आहेत हो!” असं तो म्हणतो, तेव्हा काका नुसतं “हं” करतात. त्यांचं सगळं लक्ष पाहुण्याच्या हातातल्या चहाच्या कपाकडे असतं. हा गृहस्थ तो कप आता टेकवणार कुठे?

मासे पाळणारे हौशी लोक मी पुष्कळ पाहिलेत. ते माशांची बारशी करतात, मासा सुस्तावला की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. काका त्यातले नव्हेत. मासा गेला तर ते दुसरा आणतात, दुखवटा वगैरे काही नाही. त्यांचा जीव टाकीच्या खाली, स्टँडमध्ये अडकलेला आहे.

अडकायला कारणही तसंच आहे. स्टँड सागवानी आहे आणि ते सागवान वखारीतलं नव्हे. सराफबाजाराजवळ काकांचा वडिलोपार्जित वाडा होता. आधी भाऊबंदकी, मग बिल्डर, अशा नेहमीच्या वाटेने तो गेला आणि काकांच्या वाट्याला रोकड सोडून दोन खांब आले. त्या खांबांचं चरित्र ऐकल्याशिवाय त्या घरातून कुणाची सुटका नाही. 1969 च्या महापुरात गंगा वाड्यात शिरली (गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस नाशिकचा नव्हे), तेव्हा हे खांब पाण्यात उभे होते. 2008 ला पुन्हा भिजले. कुजणं सोडाच, साधा तडा गेला नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर अख्खं नाशिक पूर मोजतं. वाड्यातली मंडळी तो खांबावर मोजायची. अशा खांबांच्या फळ्या पाडून काकांनी स्टँड करवून घेतला आणि गंगेला जे जमलं नाही ते करून दाखवायला त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने खारं पाणी आणून ठेवलं.

तो समुद्र तयार करण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. नळाला येतं ते गंगापूर धरणाचं पाणी. काका ते मशीनमधून गाळून त्यातले असतील नसतील ते क्षार काढतात आणि मग त्यात पाकिटातलं समुद्री मीठ घालतात, लिटरला 35 ग्रॅम. 250 लिटरचे झाले पावणेनऊ किलो. काकूंच्या स्वयंपाकाला महिन्याला अर्धा किलो मीठ लागतं. म्हणजे जवळजवळ दीड वर्षाचं मीठ एका टाकीत गेलं, तेही आधी होतं ते काढून टाकून! “आमटीला मी असं केलं असतं तर यांनी ताट सरकवलं असतं,” हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

गोडं पाणी सांडलं तर वाळून जातं, खारं जात नाही. बुडबुडा फुटून उडालेला थेंब काचेच्या कडेवर बसतो, पाणी उडून जातं, मीठ राहतं. त्या कणांमधल्या फटींतून मागचं पाणी पुढे ओढलं जातं, तेही वाळतं आणि पांढरी रेघ आणखी सरकते. अशी सरकत सरकत ती काच उतरते आणि लाकडावर येते. पावसाळ्यात तेच मीठ हवेतली ओल पिऊन चिकट होतं, ऑक्टोबरात खडखडीत वाळतं. लाकडाला मारतं ते हे ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. सागवानाच्या अंगात तेल असतं म्हणून ते सहजी कुजत नाही. पण सांध्यातल्या लोखंडी स्क्रूच्या अंगात कुठलं आलंय तेल? तो गंजतो आणि भोवतालचं लाकूड काळं करून ठेवतो.

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटा तपासण्यात हयात गेली. त्यामुळे रोज पहाटे चहाच्या आधी ते गुडघ्यावर बसतात आणि टॉर्च आडवा धरून भिंगातून स्टँडची कड न् कड बघतात. पांढरं काही दिसलं की त्यावर करंगळी फिरवून ती जिभेला लावतात. आळणी लागलं तर भिंतीचा चुना, जीव भांड्यात. खारट लागलं तर दिवस गेला. आतून काकूंचा आवाज येतोच, “अहो, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तुमचं?” मग पुसण्याचा विधी. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, म्हणजे मीठ विरघळून निघतं, कोरडं त्यानंतर. हा क्रम उलटा केल्याबद्दल एक कामवाली बाई गेली, आणि माझ्या मते ती सुटली.

स्टँडच्या वरची फळी मात्र मरीन प्लायची आहे. असलं प्लाय 72 तास उकळलं तरी सुटत नाही, असं काकांनी वाचलं आणि दुकानदाराकडून एक तुकडा मागून आणून कुकरमध्ये लावला. काकूंनी बहात्तर तासांचं प्रकरण तीन शिट्ट्यांवर मिटवलं. तुकडा शाबूत निघाला, पण त्या दिवशीच्या भाताबद्दल त्या घरात अजून कुणी बोलत नाही.

पॉलिशवाल्याशी झालेला त्यांचा वाद मी दारात उभा राहून ऐकला आहे. त्याला समोरची बाजू आरशासारखी चकचकीत करून पैसे घ्यायचे होते. काकांना हवी होती फळीची खालची बाजू, पाठ आणि कापलेली टोकं. टोकांकडून लाकूड पाणी ओढतं, तिथे आधी दोन हात जास्त मार, असा त्यांचा हट्ट.

“काका, आतून कोण बघतंय?”

“पाणी बघतं.”

पॉलिशवाल्याने हात टेकले.

वीज गेली की इतर घरांत मेणबत्ती शोधतात, काका एअरपंप शोधतात. पंप टाकीच्या खाली ठेवला असेल तर तो बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं आणि थेट स्टँडच्या पोटात जातं. म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या वर, शिवाय नळीला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व. शिवाय टाकीवर काचेचं झाकण. शिवाय वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेलेली, म्हणजे थेंब ओघळला तरी बटणात न जाता खाली पडतो. तो पडतो तिथे वाटी ठेवलेली असते.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू होतं तेव्हा काका नातवंडांना घेऊन गेले होते. पोरं काचेला नाक लावून शार्क शोधत होती आणि आजोबा कमरेत वाकून टाक्यांच्या खाली बघत होते. पहारेकऱ्याला वाटलं, पाकीट पडलं. तोही बिचारा शोधायला लागला. हर्णैला गेले तेव्हा लिलावातल्या पापलेटकडे ढुंकून न बघता ओढून ठेवलेल्या होड्यांच्या बुडाला हात लावत फिरले.

यंदा चैत्रात त्यांनी टाकी उतरवून स्टँडला पीयूचे तीन हात दिले. त्या वासाने मासे मरतात, म्हणून मासे पंपासकट बाथरूममधल्या पिंपात हलवले. आठवड्यात पॉलिश वाळलं. स्टँड असा काही उजळला, की त्यावर पुन्हा समुद्र चढवायचा काकांना धीर होईना. आधी अमावास्या निघाली, मग घरातलं लग्न, मग पाऊस. मासे अजून पिंपात आहेत आणि काका अंघोळीला आमच्याकडे येतात. परवा टॉवेल खांद्यावर टाकून आले तेव्हा मी विचारलं, “काका, टाकी कधी चढवताय?”

“बघू. पावसाळा होऊन जाऊ दे,” ते म्हणाले आणि खाली बसून आमच्या बाथरूमच्या दाराची कड बोटाने चाचपू लागले. “हे तुमचं प्लाय फुगलंय हो.”