रकानेबुवा

त्यांचं खरं नाव आता पेन्शनच्या पासबुकापुरतंच उरलंय. वाशीमात सगळे त्यांना रकानेबुवा म्हणतात. जन्मभर कचेरीत दप्तरं सांभाळली. निवृत्त झाल्यावर जुन्या पोथ्या आणि मोडी कागद स्कॅन करणारी चार पोरं त्यांच्या तावडीत सापडली.

स्कॅन करणं हे बुवांच्या लेखी झेरॉक्सवाल्याचं काम. "फोटो तं बकरीचाही निघते बाप्पा! थे बकरी कोनाची, हे कोन लिवन?"

हे लिहिण्यासाठी 'डब्लिन कोअर' नावाची पंधरा रकान्यांची यादी जगभर वापरतात. 1995 साली अमेरिकेतल्या डब्लिन या गावी भरलेल्या बैठकीत तिचं बीज पडलं. शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. चारचौघं पाच-सहा रकाने भरतात आणि चहाला जातात. त्यातला एकही रकाना सक्तीचा नाही, हे बुवांना सांगायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

पोथी हातात आली की आधी फडकं झटकायचं, मग पानं मोजायची, मग पानावरच्या ओळी. सतरावं पत्र नाही? लिहा. वाळवीनं खाल्लंय? कुठल्या कोपऱ्यात, तेही लिहा. पोरानं तारखेत नुसता आकडा टाकला की बुवांचा चष्मा नाकावर घसरतो. "शके का संवत? एकशे पस्तीस वर्साचा फरक हाय लेका. पंजोबा जन्माच्या आंधीच मरून जाईन!"

स्थळाच्या रकान्यात तर अख्खी दुपार जाते. घराचं एक जुनं खरेदीखत घ्या. 1905 पर्यंत ते बासिम जिल्ह्यात होतं, मग अकोल्यात गेलं, 1 जुलै 1998 पासून वाशीम जिल्ह्यात आहे. कागद पेटीतून हललाही नाही! शिवाय वाकाटकांच्या ताम्रपटात गावाचं नाव वत्सगुल्म. कुणी कोणत्याही नावानं शोधलं तरी कागद सापडला पाहिजे, असं बुवांचं म्हणणं. ते बरोबरच आहे, म्हणून तर जास्त राग येतो.

कुणी कुरकुर केली की रायबहादुर हिरालाल काढायचे. 1926 साली त्यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली गेली. आपल्या कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्या त्यात आहेत, आणि कित्येक अपभ्रंश ग्रंथ विद्वानांना ठाऊक झाले ते त्या नोंदींमुळे. "कांप्युटर होता काय त्याईच्यापाशी?" हे बुवा अशा सुरात विचारतात, की हिरालाल मागच्या गल्लीतच राहत असावेत.

परवा पुतण्याच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना स्टेजवर उभं केलं. बुवा वही घेऊन पुढे. "हलू नोका. डावीकडून नावं सांगा." वरातीतला बँडवाला ताटकळला, भटजी घड्याळ बघू लागले, नवरदेवाचा फेटा उतरला. डावीकडून सातव्या बाईंपाशी गाडी अडली. त्या तोवर हात धुवायला निघून गेल्या होत्या.

त्या फोटोची नोंद मी पाहिली. शेरा असा: 'सातवी व्यक्ती: ओळख पटली नाही. वरपक्षाच्या मते वधूकडील, वधूपक्षाच्या मते वराकडील. जेवण झाले. आहेर आढळला नाही.'