उन्हाळी फुलबाग : लागवड, निगा आणि शरणागती

जालना जिल्ह्याचा जन्म १ मे १९८१ चा, म्हणजे भर उन्हाळ्यातला. ज्याची पत्रिकाच अशी, त्याच्याकडून गारव्याची अपेक्षा ठेवणं गैर. तरीही दर वर्षी पाडव्याच्या सुमारास शेतवस्तीवर राहणाऱ्या एखाद्याच्या डोक्यात फुलं यायला लागतात. अशा रुग्णांसाठी हे मार्गदर्शन आहे. प्रस्तुत लेखकाला बदनापूर तालुक्यात, थोड्याशा मोसंबीच्या आडोशाला, या विषयात अनेक वर्षं नापास होण्याचा अनुभव आहे.

साहित्य

मोगऱ्याची चार रोपं, मूठभर गलांड्याचं बी, एक विहीर (आत पाणी असल्यास उत्तम), एक गाय, दोन शेळ्या, सात कोंबड्या, एक कुत्रा आणि एक आजी. यातले मागचे घटक आणावे लागत नाहीत. ते आधीपासून जागेवर असतात, आणि बाग त्यांचीच असते.

बियाण्याची चिंता करू नये. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित वाण इथे हवं ते मिळतं. फक्त पाण्याचं संकरित वाण अजून कुणी काढलेलं नाही.

पायरी १ : पाण्याची रांग समजून घेणे

विहिरीचं पाणी पहिलं मोसंबीचं. इथे वाद घालू नये. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे तिचा रुबाब जावयासारखा असतो. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहर फुलवायचा, आणि एप्रिल-मेमध्ये झाडावर फळ असताना पाणी चुकलं की ते गळतं. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या बागांचं सरपण होताना या जिल्ह्यानं पाहिलं आहे. त्यामुळे मोसंबीच्या नळीला हात लावून मोगरा जगवू पाहणाऱ्याला घरात जेवण मिळत नाही.

फुलांसाठी राहतं ते उष्टं पाणी. त्याचा क्रम आजीनं ठरवलेला असून तो बदलत नाही. माठात रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी भाजी धुवायला. तेच पाणी भांडी खळबळायला. तेच न्हाणीतला दगड धुवायला. मग ते नालीनं वाहत जातं आणि जिथे जाऊन दमतं तिथे मोगरा लावायचा. जागा तुम्ही निवडायची नसते. एका पाहुण्यानं आम्हाला वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येची जागा सुचवली होती. आमची न्हाणी नैर्ऋत्येला उतरते. मोगरा नैर्ऋत्येलाच आहे.

याबाबत हयगय चालत नाही. एकदा मी चूळ भरून पाणी अंगणात टाकलं, तर आतून आवाज आला, "कामून रे, मोगऱ्याला उपास हाये का आज?"

पायरी २ : फुलांची निवड

मोगरा : जानेवारीत छाटावा, काही दिवस पाणी तोडावं, शेणखत द्यावं. मार्चपासून कळ्या धरतो. मात्रा प्रति रोप अर्धी बादली, तीही रडतखडत.

गलांडा : उन्हाशी याचं जुनं नातं आहे. हारवाल्यांचा आधार. फार लाड केले तर बिघडतो.

कण्हेर : कमी पाण्यावर फुलते, शेळीही सहसा तोंड लावत नाही, म्हणून मोह होतो. पण ती विषारी आहे. गोठ्याजवळ आणि वैरणीच्या वाटेवर लावू नये. हे एक वाक्य या लेखात गंभीरपणे वाचावं.

बहावा, गुलमोहर, कडुनिंब : यांना आपण कधी तांब्याभर पाणी घातलेलं नसतं. कडुनिंबाचा मोहोर पाडव्याला गुळाबरोबर खाऊन आपण त्याला विसरतो. बहावा पानं झाडून टाकतो आणि बांधावर पिवळे घोस सोडून उभा राहतो. बागकामाचं पुस्तक वाचून झाल्यावर त्याच्याकडे पाहू नये, मन खचतं.

पायरी ३ : जनावरांना बागेत सामावून घेणे

शेळी : रब्बी निघाली, रान मोकळं झालं, की तिला कुंपणाची संकल्पना मान्य नसते. बोगनवेलीचे काटे आपल्याला टोचतात. शेळीला ती पडवळाच्या भाजीसारखी लागते.

कोंबड्या : ओल्या मातीचा पत्ता त्यांना हवामान खात्याच्या आधी लागतो. गलांड्याचं बी पेरल्यावर मागे वळून पाहिलं तर त्या पेरणीची तपासणी करत असतात.

कुत्रा : तुम्ही मोगऱ्याभोवती आळं करता. तुमच्या मते ते झाडासाठी असतं. दुपारी बाराला कुत्रा येतो, दोन पायांनी आळं खोल करतो आणि ओलीत पोट टेकून झोपतो. कूलर चालू असताना कुणाला उठवणं हे आपल्याही संस्कृतीत बसत नाही. चारनंतर माती पुन्हा लोटून घ्यावी.

खार : ही ठिबकच्या नळ्या कुरतडते. प्रस्तुत लेखकानं पहिल्या वर्षी तिला शिव्या दिल्या, दुसऱ्या वर्षी नळीला चिंध्या गुंडाळल्या, तिसऱ्या वर्षी आजीनं फुटक्या रांजणाचा बुडखा पाणी भरून झाडाखाली ठेवला. नळ्या फुटायच्या जवळपास थांबल्या. खारीला नळी नको होती, पाणी हवं होतं. त्याच बुडख्यावर आता होले, साळुंक्या आणि शेजारच्या वस्तीवरची मांजर वेळा वाटून येतात.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न : पानं पिवळी पडली आहेत, काय फवारावं?
उत्तर : भांड्यांना साबण जास्त लागला आहे. राखेनं घासा.

प्रश्न : वळवाच्या वाऱ्यानं मांडवासकट वेल गेली.
उत्तर : गेली. पाऊस आला ना?

प्रश्न : रोही येऊन सगळं तुडवून गेले.
उत्तर : ते मोसंबीकडे गेले नाहीत, याबद्दल पेढे वाटा.

पायरी ४ : काढणी

एप्रिलअखेर एखाद्या संध्याकाळी, कुत्रा उठून गेल्यावर, मोगऱ्यावर टपोऱ्या कळ्या दिसतील. मोजून अकरा. ओरडू नये, शेळी जवळच असते.

आजी दोन देवाला काढते. उष्ट्या पेल्याला हात न लावणारी ही बाई. मी एकदा विचारलं, "भांड्याच्या पाण्यावरची फुलं देवाला चालतात का?" ती म्हणाली, "मधी माती हाये ना. तिच्यातून गेलं की सगळं सोवळं."

उरलेल्या नऊ कळ्या ती माठात सोडते. झाकण ठेवते. रात्रभर सगळं घर मोगऱ्याचं पाणी पितं, रानातून आलेला गडी दोन तांबे जास्तच पितो.

सकाळी माठाच्या तळाशी थोडं पाणी उरतं. ते भाजी धुवायला घ्यावं. पुढील कृती पायरी १ प्रमाणे.