पाठमोरा हिवाळा

पीटर ब्रूगेलच्या १५६५ सालच्या जगप्रसिद्ध हिवाळ्यात शिकारी तिघं, कुत्र्यांची अख्खी पलटण, आणि शिकार म्हणाल तर भाल्याला लटकवलेला एकच कोल्हा. डोंगर पोखरून उंदीर म्हणावं, तर ब्रूगेलच्या फ्लँडर्समध्ये पोखरायला डोंगरच नाहीत. चित्रात मागे दिसणारे सुळके आल्प्सचे. तरुणपणी ब्रूगेल इटलीला जाऊन आला, तेव्हाची ती कमाई. त्याचा चरित्रकार कारेल व्हान मांडर १६०४ साली लिहितो, की या गृहस्थानं आल्प्समधले डोंगर गिळले आणि घरी येऊन चित्रांत ओकले!

‘बर्फातले शिकारी’ हे नाव चित्राला मागाहून चिकटलं. खरं तर त्या बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे त्यांची पाठ, कुत्र्यांच्या माना खाली. खाणावळीची पाटी एका आकड्यावर लोंबकळतेय, आणि पाटीवर चितारलंय काय, तर हरीण! पाटी कधीची सुटलीय कोण जाणे; मालकाला सवड नाही. दारात गवताचा जाळ करून डुक्कर भाजायचं चाललंय. शिकाऱ्यांनी तिकडे मान वळवलेली नाही. रिकाम्या हातानं घरी निघालेला माणूस खमंग वासाकडे बघत नाही, हे ब्रूगेलला पक्कं ठाऊक.

खाली मात्र गोठलेल्या तळ्यांवर जत्रा भरलीय. कुणी घसरतंय, कुणी आपटलंय, पोरं भोवरे फिरवताहेत. पाणचक्कीचं चाक बर्फानं जखडलंय. दूर एका धुराड्याला आग लागलीय, लोक शिडी घेऊन धावताहेत, आणि खेळणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. १५६४-६५चा तो हिवाळा युरोपात फार कडक गेला होता. लोक गारठले, गांजले असणार. पण चित्रात कुणी थंडीच्या नावानं कुरकुरताना दिसत नाही. प्रत्येकाला आपापलं काम आहे. काम नसेल त्याला खेळ आहे.

हे चित्र एकटं नव्हे. अँटवर्पचा धनिक व्यापारी निक्लास योंगेलिंक यानं ब्रूगेलकडून वर्षभराचे महिने काढून घेतले होते. बहुतेक अभ्यासकांच्या मते चित्रं सहा, प्रत्येकात दोन महिने. आपल्या सहा ऋतूंचा हाच हिशेब. फक्त कालिदासाच्या ऋतूंत प्रेमिक असतात आणि ब्रूगेलच्या ऋतूंत मजूर. कापणीच्या चित्रातला एक तर भर दुपारी झाडाखाली असा पसरलाय, की मुकादमानं हाक मारली तरी उठायचा नाही.

योंगेलिंकला हे सगळं वर्ष निवांत बघायला मिळालं का, शंकाच आहे. १५६६च्या फेब्रुवारीत तो दुसऱ्या कुणाच्या १६,००० गिल्डरच्या देण्याला जामीन राहिला आणि ही चित्रं तारण लिहून दिली. जामीन राहू नये हे आपल्याकडे प्रत्येक आजोबा सांगतात. अँटवर्पचे आजोबा बहुधा घाईत होते. पुढे चित्रं हाब्सबुर्ग घराण्याकडे गेली. आज तीन व्हिएन्नात, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला. सहावं हरवलंय, आणि ते नेमकं एप्रिल-मेचं, वसंताचं. लोक हळहळतात. मला मात्र खात्री आहे, की त्या बहरातही कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरा, फुलांकडे ढुंकूनही न बघता, चिखलात रुतलेला गाडा ढकलत असणार.